नाद अल शिबा कुठं गेलं?

आधी डोळ्यांत भरते ती लांबी. दुबईतल्या मेदान रेसकोर्सचं ग्रँडस्टँड दीड किलोमीटरहून लांब आहे. दादर स्टेशनला उतरून सिद्धिविनायकाच्या दाराशी पोचेपर्यंत आपण जेवढं चालतो, तेवढी ही एकटी इमारत. वर चंद्रकोरीसारखं छप्पर, तेही अधांतरी धरल्यासारखं, आणि त्यावर सूर्यप्रकाशातून वीज बनवणाऱ्या पट्ट्या. साठ हजार माणसं बसतील एवढी जागा. एका अंगाला पंचतारांकित हॉटेल, खोलीच्या सज्जात चहा घेत घेत शर्यत पाहावी अशा बेतानं बांधलेलं. मी गेलो तेव्हा भर दुपार होती आणि त्या सगळ्या पसाऱ्यात मी, माझा भाचा, एक माळी आणि पाण्याची फवारणी करणारं एक यंत्र एवढेच होतो. जानेवारी महिना, त्यामुळे ऊन सोसण्याजोगं होतं.

दुसरं आश्चर्य भाच्यानं दिलं. तो 2006 पासून इथं आहे. बांधकामाच्या मोजमापाचं आणि दरपत्रकांचं काम करतो, त्यामुळे कुठलीही इमारत बघितली की आधी तिचा खर्च सांगतो आणि मग नाव. तो म्हणाला, "मामा, हे काय बघताय? ह्याच्या आधीचं इथंच होतं. नाद अल शिबा. चांगलं धडधाकट होतं. पाडलं."

"किती जुनं होतं?"

"जुनं कुठलं! मी आलो तेव्हा त्याचं नवं स्टँड माझ्या नोकरीएवढंसुद्धा जुनं नव्हतं."

ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण फार नाही. नाद अल शिबाचं मिलेनियम ग्रँडस्टँड नावाप्रमाणे 2000 सालच्या सुमाराचं, आणि रेसकोर्स बंद झालं 2009 मध्ये. नऊ-दहा वर्षांचं स्टँड! आपल्याकडे तेवढ्या वेळात नगरपालिकेच्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांची निविदासुद्धा निघत नाही.

नाद अल शिबाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. घोड्यांच्या जगात दुबईचं नाव झालं ते या जागेमुळे. 27 मार्च 1996 ला इथं पहिला दुबई वर्ल्ड कप झाला. बक्षिसाची रक्कम चाळीस लाख डॉलर, त्या काळात जगातली सर्वांत मोठी. एवढी रक्कम लावली तरी वाळवंटात येणार कोण, असा प्रश्न होता. त्यावर दुबईच्या मक्तूम घराण्यानं अमेरिकेतल्या सिगार या घोड्याला आमंत्रण धाडलं. तेरा शर्यती ओळीनं जिंकून आलेला तो घोडा अटलांटिक ओलांडून इथं आला, पळाला आणि चौदावी जिंकून गेला. त्या एका रात्रीत नाद अल शिबा हे नाव एप्सम आणि चर्चिल डाउन्सच्या ओळीत जाऊन बसलं. 2000 साली दुबई मिलेनियम नावाच्या घोड्यानं कप जिंकला, तो तर घरचाच. 2008 मध्ये कर्लिन. ती शर्यत भाच्यानं तारेच्या कडेला हिरवळीवर बसून पाहिली होती, मित्रांबरोबर, बिर्याणीची पाकिटं मांडीवर घेऊन. प्रवेश फुकट.

शेवटचा कप 28 मार्च 2009 ला झाला. वेल आर्म्ड नावाच्या घोड्यानं तो चौदा लांबींनी जिंकला, म्हणजे दुसऱ्या नंबरचा घोडा फोटोत दिसत नाही अशा फरकानं. आणि ही शर्यत चालू असताना शेजारीच, त्याच आवारात, मेदानच्या क्रेन उभ्या होत्या. जुन्या स्टँडवरच्या प्रेक्षकांना मान वळवली की दिसत होतं की आपण बसलोय त्या जागेचा निकाल लागलेला आहे. पुढच्या मोसमाची सुरुवात, जानेवारी 2010 मध्ये, मेदानवर झाली.

त्या तारखांकडे जरा बघा. 2008 च्या शेवटी जगभर मंदी आली. नोव्हेंबर 2009 मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीनं कर्ज फेडायला मुदत मागितली आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत शेअर बाजार गडगडले. इथले बरेच लोक उधारीवर घेतलेल्या गाड्या विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून गेले, हे तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांतही आलं होतं. अशा वेळी 4 जानेवारीला बुर्ज खलिफाचं उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात मेदानवर शर्यती सुरू झाल्या. मेदानला सव्वा अब्ज डॉलर लागले असं छापून आलेलं आहे. भाचा म्हणतो, त्याहून जास्त. त्याच्या धंद्यातला माणूस दुसऱ्यानं सांगितलेल्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवत नाही.

नाद अल शिबा एकटं गेलं असतं तर एवढं नवल नव्हतं. पण मेदानसाठी जो पट्टा मोकळा केला त्यात मैदानांचं एक अख्खं गावच होतं. रेसकोर्सच्या आत दिव्यांखाली रात्री खेळायचं गोल्फ कोर्स होतं. शेजारी उंटांच्या शर्यतींचा लांबलचक मार्ग होता. त्या बाजूलाच दुबई कंट्री क्लब होता आणि अल अवीर रस्त्यावर दुबई एक्झाइल्स या रग्बी क्लबचं मैदान.

यातला कंट्री क्लब मला पाहायला हवा होता. 1971 चा क्लब, म्हणजे ज्या वर्षी सात अमिरातींचं हे राष्ट्र जन्माला आलं त्याच वर्षाचा. त्याचं गोल्फ कोर्स निखळ वाळूचं. गवताचं पातं नाही. मग चेंडू मारायचा कशावरून? तर प्रत्येक खेळाडू काखेत कृत्रिम हिरवळीचा एक चौकोनी तुकडा घेऊन हिंडायचा. चेंडू जिथं पडेल तिथं तो तुकडा अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवून मारायचा, तुकडा उचलायचा आणि पुढं. भोकाभोवतीची जागा वाळूत तेल कालवून, चोपून गुळगुळीत केलेली असे. तिला 'ब्राउन' म्हणत. एकाचा खेळ झाला की पावलांचे ठसे झाडूनं पुसायचे, मग पुढच्यानं यायचं. स्वतःची हिरवळ स्वतःच्या काखेत, असा हा खेळ छत्तीस वर्षं चालला. 2007 मध्ये क्लब बंद झाला. तोपर्यंत 1988 मध्येच एमिरेट्स गोल्फ क्लबनं खऱ्या गवताचं कोर्स उभं केलं होतं, मध्यपूर्वेतलं पहिलं, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी कितीतरी झाली होती. वाळूवर खेळणाऱ्यांना कुणी आडकाठी केली नव्हती, पण त्यांच्यासाठी जागा राखावी असंही कुणाला वाटलं नाही.

एक्झाइल्सच्या मैदानाचंही तसंच. दुबई सेव्हन्स ही रग्बीची स्पर्धा 1970 मध्ये सुरू झाली ती वाळूवर. गुडघे सोलून घेण्याची हौस असलेले ब्रिटिश तेलवाले, बँकवाले, सैनिक खेळायचे. पुढं गवत आलं, जगभरचे संघ यायला लागले, गर्दी वाढली. मग 2008 मध्ये अल ऐन रस्त्यावर 'द सेव्हन्स' हे नवं संकुल झालं आणि लगेच मार्च 2009 मध्ये तिथं सेव्हन्सचा विश्वचषक झाला. पुरुषांत वेल्स जिंकलं आणि बायकांत ऑस्ट्रेलिया. इथं एक गंमत आहे. त्या संकुलात कायमचं स्टँड अगदी मोजकं आहे. स्पर्धेच्या आधी लोखंडी पहाडांवर हजारो खुर्च्यांचे मजले चढतात आणि स्पर्धा उरकली की नट काढून खाली. म्हणजे पाडकामाचा प्रश्नच त्यांनी मुळातून सोडवला आहे. गणेशोत्सवाचा मांडव आपण जसा घालतो आणि काढतो तसं.

गुरुवारी संध्याकाळी भाच्यानं मला मेदानवर प्रत्यक्ष शर्यती पाहायला नेलं. मी महालक्ष्मीला जाणारा माणूस. पैशांपेक्षा पाहायला जातो असं घरी सांगतो. त्यामुळे इथं आल्यावर हाताला काही करायला नसल्यासारखं झालं. बुकी नाही, टोटची खिडकी नाही, पैज लावायला बंदी. त्याऐवजी एक कागद फुकट वाटतात, त्यावर जिंकणारे घोडे ओळखून लिहायचे आणि सगळे बरोबर आले तर बक्षीस. माझ्या बाजूला कोळीकोडचा एक माणूस आणि सुदानचा एक म्हातारा, दोघंही कागदावर पेन्सिलीनं खुणा करत होते आणि एकमेकांची भाषा येत नसताना घोड्यांच्या नावांवरून भांडत होते. हरलं तर काहीच जात नाही, तरी भांडण खरं होतं. माझा समज असा होता की जुगार काढला की रेस बेचव होईल. तसं झालं नाही, पण महालक्ष्मीला शेवटच्या दोनशे मीटरला जी सामुदायिक गर्जना उठते ती इथं उठत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

आणखी एक गोष्ट पायाखालची. नाद अल शिबावर घोडे मातीच्या धावपट्टीवर पळायचे. मेदानला त्यांनी आधुनिक म्हणून रेती, तंतू आणि मेण मिसळलेली कृत्रिम पट्टी घातली. टापेटा तिचं नाव. अमेरिकेतले मातीवर पळणारे घोडे आणि त्यांचे मालक बिचकले, कमी येऊ लागले. पाच मोसम झाल्यावर ती पट्टी खरवडून काढली आणि 2015 च्या कपाला पुन्हा माती आली. सव्वा अब्ज डॉलरच्या इमारतीसमोर शेवटी जुन्या मैदानासारखी मातीच लागली, असं म्हणायचा मोह होतो. म्हणूनच टाकतो, कारण ते खरं आहे.

उंटांचं काय झालं? त्यांची रवानगी शहराबाहेर, अल मरमूमला. पहाटे उठून गेलो. थंडी बऱ्यापैकी होती, भाच्याची बायको मागच्या सीटवर शालीत गुरफटून झोपली होती. मार्ग किलोमीटरच्या किलोमीटर. उंट सुटले आणि दोन्ही अंगांनी पंचवीस-तीस पांढऱ्या लँड क्रूझर धुरळा उडवत त्यांच्याबरोबर पळायला लागल्या. आत मालक, हातात रिमोट. उंटाच्या पाठीवर माणूस नाही, यंत्र. एक यंत्र मी जवळून पाहिलं, तिथल्या पाकिस्तानी खिदमतगारानं दाखवलं. रंगीत सदरा घातलेला, डोक्यावर टोपी बसवलेला एक डबा. उघडल्यावर आत सुताराच्या हातात असतं तसलं बॅटरीवरचं ड्रिल, त्याच्या तोंडाला चाबूक बांधलेला. बटण दाबलं की चाबूक गरगर फिरतो. शेजारी एक लहानसा स्पीकर. त्यातून मालकाचा आवाज उंटाच्या कानाशी पोचतो. उंट मालकाचा आवाज ओळखतो, असं खिदमतगार म्हणाला. "मेरा भी पहचानता है, लेकिन मेरी बात नहीं मानता."

हे यंत्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्याच्या जागी पूर्वी मुलं असत. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया इथून आणलेली, चार-पाच वर्षांचीसुद्धा, वजन वाढू नये म्हणून अर्धपोटी ठेवलेली. 2005 मध्ये कायद्यानं ते बंद झालं. युनिसेफबरोबर करार करून हजारावर मुलं घरी पाठवली गेली. नाद अल शिबाच्या जुन्या उंटमार्गावर ती मुलं पळाली होती. तो मार्ग मोडला याचं मला तरी वाईट वाटत नाही. जुनं ते सगळंच राखण्याजोगं असतं असं मानणाऱ्यांपैकी मी होतो, इथं जरा अडखळलो.

आता महालक्ष्मीचा विषय निघालाच आहे तर. आपलं रेसकोर्स 1883 चं. जमिनीचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. मग अकरा वर्षं बैठका, पत्रं, मोर्चे, लेख, अग्रलेख. 2024 मध्ये ठरलं की 211 एकरांतले 120 एकर बागेसाठी महापालिकेकडे जातील आणि 91 एकर टर्फ क्लबकडे राहतील. दुबईनं तेवढ्या काळात एक रेसकोर्स पाडून, दुसरं बांधून, त्याची धावपट्टी दोनदा घातली होती. यात कोण शहाणं हे मला सांगता येणार नाही. दुबईत मोर्चा काढायची सोय नाही, आणि मुंबईत मोर्चाशिवाय काही होण्याची सोय नाही. वानखेडेचं मात्र थोडं दुबईसारखं झालं होतं. ब्रेबोर्नच्या मालकांशी तिकिटांवरून बिनसलं म्हणून रागानं हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं, तेही वर्षभरात. 1975 मध्ये तिथं पहिली कसोटी झाली. आणि ज्याच्यावर रुसून हे बांधलं ते 1937 चं ब्रेबोर्न अजून जागच्या जागी आहे. रुसवा, कोर्टकचेरी आणि संथपणा या तीन गोष्टींनी आपल्याकडची जितकी मैदानं वाचवली तितकी पुरातत्त्व खात्यानं वाचवली नसतील.

अबुधाबीला एक दिवस जाऊन आलो. झायेद स्पोर्ट्स सिटीचं स्टेडियम 1980 सालचं, हेन्री कोलबोक या फ्रेंच वास्तुकारानं काढलेलं. देशाहून नऊ वर्षांनी लहान, म्हणजे इथल्या हिशेबात पणजोबा. 1996 च्या आशियाई चषकाची अंतिम लढत याच गवतावर अमिराती पेनल्टींवर हरली, सौदीकडून. डागडुजी करकरून ते टिकवलंय आणि 2019 मधली आशियाई अंतिम लढतही तिथंच झाली. बाहेरून बघताना कमानींची रांग छान दिसते. आत सोडलं नाही.

मला खरं तर सगळ्यात आधी शारजाला जायचं होतं. भाचा शारजातच राहतो. दुबईत नोकरी, शारजात भाडं, आणि दोन्हींच्या मधे अल इत्तिहाद रस्त्यावर रोजचे दोन तास. त्याच्या घरापासून क्रिकेट स्टेडियम जवळ. तरी तिथं नेण्याचं तो टाळत होता. "मामा, काही नाहीये हो तिथं. गॅरेजच्या वस्तीत आहे."

खरंच गॅरेजच्या वस्तीत आहे. टायरांचे ढीग, पत्रा ठोकण्याचे आवाज, अफगाणी नानची भट्टी, आणि मधेच प्रकाशझोतांचे खांब. मी टीव्हीवर पाहिलेलं शारजा प्रचंड होतं. प्रत्यक्षात जेमतेम सोळा हजारांचं. फाटकावरच्या माणसानं आत सोडलं, कारण दोन कंपन्यांच्या संघांचा सामना चालू होता आणि बघायला कुणी नव्हतं.

या मैदानाची कुळकथा अशी. अब्दुल रहमान बुखातिर नावाचे इथले एक व्यापारी कराचीत शिकले आणि तिथून क्रिकेटचं वेड घेऊन आले. 1981 मध्ये त्यांनी गावसकरचा संघ आणि मियाँदादचा संघ असा सामना इथं भरवला. त्यातून भारत-पाकिस्तानच्या निवृत्त खेळाडूंना निधी देणारी मालिका सुरू झाली. तेव्हाच्या खेळाडूंना पेन्शन नव्हती, मंडळाकडून शालश्रीफळ मिळालं तरी खूप. शारजात मिळालेल्या थैलीवर कितीकांनी घरं बांधली. एप्रिल 1984 मध्ये पहिला आशिया चषक इथं झाला, आणि मग शुक्रवार हा आपल्या घराघरांतला रक्तदाब वाढण्याचा वार झाला. 1985 मध्ये इम्रानने चौदा धावांत सहा बळी घेऊन आपल्याला 125 मध्ये गुंडाळलं आणि आपण पाकिस्तानला 87 मध्ये. 18 एप्रिल 1986 ला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना मियाँदादनं चेतन शर्माला षटकार मारला. त्या सामन्यात गावसकरच्या 92, श्रीकांतच्या 75 आणि वेंगसरकरच्या 50 धावा होत्या, हे आज कुणाच्याही लक्षात नाही. 1998 च्या एप्रिलमध्ये 22 तारखेला वाळूचं वादळ येऊन खेळ थांबला. त्याच सामन्यात सचिननं 143 काढल्या, आणि दोन दिवसांनी स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अंतिम सामन्यात 134. 1984 ते 2003 या काळात इथं दोनशेच्या आसपास एकदिवसीय सामने झाले. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मैदानावर इतके झालेले नाहीत.

आणि मग पडझड. 2000 मध्ये क्रिकेटमधल्या सामनेनिश्चितीचा गदारोळ उठला. 2001 मध्ये भारत सरकारनं संघाला शारजात खेळू द्यायचं नाही असं ठरवलं. भारत नाही म्हटल्यावर गर्दी नाही, गर्दी नाही म्हटल्यावर जाहिराती नाहीत. 2002 मध्ये पाकिस्ताननं घरी बाँबस्फोट झाले म्हणून ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी इथं खेळली आणि दोन दिवसांत 59 आणि 53 वर बाद होऊन गेले. 2003 नंतर सात वर्षं मोठा सामनाच नाही. याच सात वर्षांत अबुधाबीला 2004 मध्ये झायेद क्रिकेट स्टेडियम झालं, 2005 मध्ये आयसीसीचं कार्यालय लॉर्ड्स सोडून दुबईला आलं, आणि 2009 मध्ये दुबई स्पोर्ट्स सिटीत पंचवीस हजारांचं, छपराच्या कडेला दिव्यांचं कडं असलेलं नवं स्टेडियम उभं राहिलं. क्रिकेटचं सगळं वैभव शेजारच्या शहरांत पोचलं आणि शारजाला कुणी विचारलं नाही.

माझं मत असं की त्यामुळेच ते वाचलं. पाडापाडीची खरी लाट 2002 ते 2008 ची. त्या वेळी जे जे नावारूपाला आलेलं होतं, ज्याच्याकडे जगाचं लक्ष होतं, त्याला त्याहून मोठं करायची घाई झाली आणि मोठं करायचं म्हणजे आधीचं झोपवायचं. नाद अल शिबा त्याच्या भरभराटीनं मेलं. शारजाला तेव्हा बट्टा लागलेला होता. बट्टा लागलेल्या जागेवर सव्वा अब्ज डॉलर कोण ओतणार? ते आपलं गॅरेजांच्या गल्लीत धूळ खात पडून राहिलं. मग 2010 मध्ये अफगाणिस्तानच्या संघाला घर हवं होतं. स्वतःच्या देशात खेळता येत नाही अशा संघाला कुणी नाकारलेलं मैदान चालतं. पाकिस्तानही आलं. करोनाच्या वर्षी, 2020 मध्ये, अख्खी आयपीएल अमिरातीत आली तेव्हा शारजाच्या आखूड सीमारेषांनी गोलंदाजांना रडवलं. रिकाम्या स्टँडवरून धोनीचा एक षटकार बाहेर रस्त्यावर गेला आणि तिथून जाणाऱ्या एका माणसानं चेंडू उचलून नेला. 2023 च्या एप्रिलमध्ये, वादळाच्या खेळीला पंचवीस वर्षं झाली म्हणून पश्चिमेच्या स्टँडला सचिनचं नाव दिलं.

भाच्याला माझं हे तत्त्वज्ञान पसंत नाही. "मामा, तसं काही नसतं. नाद अल शिबा राजाचं होतं, राजाला नवं हवं होतं. शारजा बुखातिरचं आहे, त्यांना क्रिकेटचं वेड आहे. वेडा माणूस विकत नाही. संपलं." वर त्यानं मला उदाहरण दिलं ते स्पोर्ट्स सिटीचं. तिथं क्रिकेटच्या जोडीला साठ हजारांचं दुसरं एक स्टेडियम आणि दहा हजारांचं बंदिस्त सभागृह होणार होतं. नकाशे छापून झाले, फलक लागले, मंदी आली, राहून गेलं. "ते तर कुणी पाडलंही नाही. त्याला कुठल्या खान्यात घालाल?" मी म्हटलं, तुझ्या दरपत्रकाच्या. त्याला ते लागलं, कारण त्यातल्या एका कामाचं दरपत्रक त्यानं खरंच भरलं होतं.

आम्ही हे बोलत मैदानाच्या कडेनं निम्मी फेरी घातली. चेतन शर्माचा तो चेंडू कुठं पडला ते मला पाहायचं होतं. स्टँडवर छपरं नवी चढलीत, खुर्च्या बदलल्यात, त्यामुळे टीव्हीतल्या आठवणीवरून दिशा लागेना. फाटकावरचा माणूस सियालकोटचा निघाला. त्यानं न डगमगता एका कोपऱ्याकडे बोट केलं. सामन्याचा गुणलेखक त्रिशूरचा, तो म्हणाला अजिबात नाही, तेव्हा त्या टोकाकडून गोलंदाजी होती, म्हणजे मिडविकेट इकडे. भाच्यानं मोबाइल काढून यूट्यूब लावलं आणि दोघांनाही चूक ठरवलं. सियालकोटवाला म्हणाला, "भाई, छक्का हमने मारा था, हमको पता होगा या आपको?" यावर गुणलेखकानं गुणवही मिटून ठेवली आणि बाह्या सरसावल्या. तेवढ्यात मैदानातून पंच दोन्ही हात हलवत ओरडायला लागला. आम्ही चौघं साइटस्क्रीनच्या पुढ्यात उभे होतो आणि फलंदाज कधीचा बॅट उंच करून थांबला होता.